तीन नंबरचा बावटा

सोनोग्राफीला येताना भरपूर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका, हा नियम ज्याने कुणी काढला त्याला एकदा भर पावसात गुहागर-चिपळूण एसटीत मागच्या सीटवर बसवायला हवं. ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर, मध्ये शृंगारतळी, मग मार्गताम्हाणे, मग रामपूर, आणि रस्त्याचं काम चालू. चालू म्हणजे कधीपासून ते आमच्याकडे विचारायचं नसतं. आठव्या आठवड्याला पहिली सोनोग्राफी होती तेव्हा मी शहाण्यासारखी घरूनच लिटरभर पाणी पिऊन निघाले आणि रामपूर येईपर्यंत माझ्या डोळ्यांतच पाणी आलं, बाळ राहिलं बाजूला, मी देवाकडे एवढंच मागत होते की ड्रायव्हरने पुढचा खड्डा चुकवावा. तिथली सिस्टर हसली, म्हणाली अहो इथे येऊन प्यायचं ना, फिल्टर आहे आमच्याकडे.

तेव्हा मी ३४ वर्षांची होते. पहिलंच. लग्न उशिरा झालं, मग दोन वर्षं काहीच नाही, आणि मग एका सकाळी अचानक दोन रेघा. मी शृंगारतळीला एका पतसंस्थेत काम करते, नवरा लोट्याला कंपनीत, आठवड्याने घरी येतो, सासऱ्यांची मच्छीमारीची बोट आहे. एवढं सांगून ठेवते कारण पुढे लागणार आहे.

बाराव्या आठवड्याला एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायची सोनोग्राफी, तो जूनमध्ये आला. वेटिंग रूमच्या भिंतीवर, बसलेल्या बायकांच्या डोक्याच्या बरंच वर, एक मातकट रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली त्याची. सगळीकडे नवा रंग दिलाय, तेवढी पट्टी मुद्दाम सोडलीय आणि खाली कुणीतरी बॉलपेनने तारीख लिहून ठेवलीय. तिच्याच शेजारी तो बोर्ड, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. फॉर्म एफ भरायचा असतो, त्यात आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, आणि शेवटी आपण सही करायची की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ ला, मग १९९४ ला देशाचा आला आणि २००३ ला आणखी कडक झाला. म्हणजे आपण अभिमान बाळगावा की आपल्याकडे आधी गरज पडली म्हणून गप्प बसावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या जिल्ह्याचे लोक मात्र छाती काढून सांगतात की रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. आहेतच, २०११ च्या जनगणनेत तसं आहेच. पण पुरुष मुंबईला गेलेत ना हो! चाकरमानी गणपतीला आले त्या आठवड्यात मोजा आणि मग सांगा. आकडा खरा असतो पण तो कशाचा आहे ते आकडा स्वतः सांगत नाही, हे मी पतसंस्थेत रोज बघते, आणि तरी पुढे स्वतःच्या बाबतीत विसरले.

तर स्कॅन. पोटावर जेल लावतात, गार. प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही, तिथूनच मागे फिरतो, म्हणून जेल. आवाज म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा. तो आत जातो, कशाकशावर आपटून परत येतो, आणि किती वेळाने परत आला त्यावरून मशीन चित्र काढतं. डॉक्टरांनी बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजलं, ६२ मिलिमीटर. हे ४५ ते ८४ च्या मध्ये असेल तेव्हाच मानेमागची ती पाण्याची पट्टी मोजण्यात अर्थ असतो, म्हणून ११ ते १४ आठवड्यांची घाई. पट्टी जाड असेल तर गुणसूत्रांची भानगड किंवा हृदयाचा दोष असण्याची शक्यता वाढते. पण आमचं बाळ पालथं पडलेलं, काही केल्या वळेना. मग मला सांगितलं जरा चालून या, गोडधोड खा. मी पावसात छत्री घेऊन समोरच्या हॉटेलात गेले, बटाटवडा खाल्ला आणि डबल साखरेचा चहा प्यायले, परत आले तर बाळ सरळ. पट्टी बरोबर, नाकाचं हाड दिसतंय, ठोके चांगले. मग हाताचं रक्त घेतलं, डबल मार्कर नावाच्या तपासणीसाठी, आणि मी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपले, इतकी निवांत त्यानंतर बरेच दिवस झोपले नाही.

रिपोर्ट आला शनिवारी रात्री साडेनऊला. व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. लाइट गेलेली, मोबाइल २० टक्क्यांवर, सासूबाई चुलीपाशी, आणि मी पडवीत उभी राहून तो उघडला. लाल चौकटीत हाय रिस्क. ट्रायसोमी २१, म्हणजे डाउन सिंड्रोम. खाली १:२१०. एवढंच. ना फोन, ना घाबरू नका, ना सोमवारी येऊन भेटा. ज्या लॅबने हे पाठवलं तिला मी नाव ठेवत नाही, सगळीकडे असंच चालतं म्हणतात, पण शनिवारी रात्री साडेनऊला एका पोटुशी बाईला लाल चौकट पाठवायची आणि रविवारी लॅब बंद ठेवायची, ही कुठली पद्धत!

ती रात्र मी गूगल केलं. करू नये ते सगळं केलं.

सकाळी जरा भान आलं तेव्हा डोक्यातला क्लार्क जागा झाला. २१० मध्ये १ म्हणजे किती? अर्धा टक्कासुद्धा नाही. पतसंस्थेत अर्ध्या टक्क्यासाठी कुणी ठेव मोडत नाही. म्हणजे माझ्यासारख्या २१० बायका एका ओळीत उभ्या केल्या तर २०९ जणींची बाळं या बाबतीत ठीक आहेत. मग हाय रिस्क कशाला? तर त्यांनी २५० वर रेघ मारलेली असते. २५१ मध्ये १ आला की हिरवं, २४९ मध्ये १ आला की लाल. आणि नुसत्या वयानेसुद्धा हा आकडा चढतच असतो, पंचविशीतल्या आईला जन्माच्या वेळी साधारण १३५० मध्ये १, पस्तिशीला ३५० मध्ये १, चाळिशीला १०० मध्ये १. माझ्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की नुसत्या वयावरून माझा धोका ३१२ मध्ये १. म्हणजे रक्ताने तो ३१२ वरून २१० वर आणला, बास, एवढंच झालं होतं. वय, वजन, आठवडे, मानेची पट्टी आणि रक्तातली दोन द्रव्यं हे सगळं गणितात घालून निघालेला तो एक आकडा. या गणिताची रेघच अशी ठेवलेली असते की शंभरातल्या पाचेक बायकांची बाळं ठीक असूनही त्यांना लाल चौकट मिळते, नाहीतर जी खरी असतात ती सुटून जातील. मला हे सगळं समजलं. समजून काही उपयोग झाला नाही. कारण ओळीत उभ्या राहिलेल्या त्या २१० बायकांमध्ये मी कितवी ते कुठे कळत होतं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आईबाबांना आत्ता नको सांगू. मीही तेच म्हणणार होते.

आणि त्याच रविवारी काकी आल्या. आमच्या वाडीतल्याच, दोन घरं सोडून. त्यांचा मुलगा पंचविशी ओलांडलेला, त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे २१ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. वाडीत हा शब्द कुणी वापरत नाही, तो तसाच आहे असं म्हणतात. लहानपणी त्याचं हृदयाचं ऑपरेशन मुंबईला झालं, काकींनी त्यासाठी बांगड्या मोडल्या. आता तो हंगामात जेट्टीवर बर्फ वाहायला जातो, आरतीला झांज वाजवतो, ताल चुकतो, कुणी थांबवत नाही. हट्टी आहे, चहा दोनदा लागतो. फार गोड आहे वगैरे मी लिहिणार नाही, कधीकधी तो काकींना ढकलतोही, आणि माझ्यामागे याचं कसं, हे काकी दर चार दिवसांनी कुणाला तरी विचारतात.

काकींनी कुळथाचं पीठ आणलेलं, घरच्या कुळथाचं. ओटीवर बसल्या. म्हणाल्या, चिपळूणला गेलेलीस ना गो, कसली तपासणी एवढी?

मी म्हटलं, साधीच हो काकी, रक्ताची.

त्यांच्या तोंडावर मला सांगता आलं नाही की तुमच्या मुलासारखं माझं नाही ना हे बघायची तपासणी. ही चाचणी ज्यासाठी असते तो माणूस त्या क्षणी त्यांच्या अंगणात बसून झावळीचे हीर काढत होता, मला दिसत होता. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांना कळलं की नाही मला आजही माहीत नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, आमच्या वेळेस यातलं काय नव्हतं. मग पुढे काही असणार म्हणून मी थांबले, तर त्या उठल्या, पदर खोचला आणि जाता जाता म्हणाल्या, पीठ चाळून घे हां, खडा असतो एखादा.

सोमवारी डॉक्टरांकडे. त्यांनी मात्र वेळ दिला, मागे पाच बायका थांबलेल्या असताना दिला, हे सांगायला हवं. म्हणाल्या, ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. खरं निदान हवं असेल तर पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं, ते १५ आठवड्यांनंतर, आणि त्यात गर्भ पडायचा धोका थोडासा का होईना असतो. किंवा मधली वाट, एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेच्या पेशींचा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी फिरत असतो, तो वाचायचा. बाळाचा डीएनए असा आईच्या रक्तात सापडतो हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ ला दाखवलं, तपासणी म्हणून ते बाजारात यायला २०११ उजाडलं. डाउन सिंड्रोम असेल तर शंभरातली ९९ ती पकडते. तरी हीसुद्धा चाळणीच, म्हणाल्या, फक्त बारीक जाळीची. आणि महाग. माझा जवळजवळ पूर्ण पगार.

मग हळू आवाजात कायदा सांगितला. २०२१ ला बदललेल्या कायद्यात बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते, पण ते मेडिकल बोर्ड ठरवतं. मी मान डोलावली. नवरा टेबलावरच्या प्लास्टिकच्या गर्भाशयाकडे बघत होता. बाहेर आल्यावर आम्ही बोललो ते एसटीच्या वेळेबद्दल. आलंच तर काय करायचं हे आम्ही तेव्हाही बोललो नाही, नंतरही नाही, आणि लोक विचारतात तू काय केलं असतंस तर मी सरळ सांगते, माहीत नाही. काकींकडे बघून एक उत्तर यायचं आणि काकी गेल्यावर माझ्यामागे याचं कसं हे आठवून दुसरं.

रक्त दिलं. रिपोर्टला दहा दिवस.

जून-जुलै म्हणजे आमच्याकडे बंदी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढून शाकारलेली, आणि तिच्यावरचा फिश फाइंडर काढून जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला. त्या दहा दिवसांत एका संध्याकाळी पुतण्याने हट्ट धरला म्हणून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो खाली काढला, बॅटरीला जोडला आणि डेमो लावला. खोटे मासे पडद्यावरून सरकायला लागले, निळ्यावर लाल-पिवळ्या कमानी. मी भाजी निवडत बसलेले, बघितलं आणि हातातली शेंग तशीच राहिली. अहो हे तेच मशीन! आवाज खाली सोडायचा, आपटून परत आला की चित्र. माणसाच्या अंगात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १५०० च्या आसपास, म्हणजे फरक फारसा नाहीच. बाबांच्या मशीनवर ५० आणि २०० किलोहर्ट्झ लिहिलेलं, पोटावर लावतात तो मेगाहर्ट्झमध्ये, कारण त्यांना कित्येक वाव खोल जायचंय आणि डॉक्टरांना वीतभर.

रात्री वाचत बसले तर नातं आणखी जवळचं निघालं. इयान डोनाल्ड नावाचे ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, रडार-सोनार माहितीतलं. १९५५ ला त्यांनी बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घातल्या आणि जवळच्या बॉयलरच्या कारखान्यात नेल्या, तिथे लोखंडातली चीर शोधायचं आवाजाचं यंत्र होतं. तुलनेसाठी म्हणे मांसाचा एक मोठा तुकडापण नेला. १९५८ ला त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये छापून आला. पत्र्यातली चीर आणि बाळाच्या मानेमागचं पाणी, एकाच घरातली शोधाशोध.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, यावर लाल दिसलं म्हणजे मासाच का?

ते म्हणाले, नाय गो. कधी खडप असतं, कधी नुसतं पाण्यातलं बुडबुडं. जाळं टाकल्याबिगर काय कळत नाय. आणि खडपावर टाकलं तर जाळं फाटतं.

मी पुढे काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी आली. आमच्याकडे पावसाळ्यात ती येतच असते, वारा जोरात सुटेल, सावध राहा, एवढाच तिचा अर्थ. बावटा लागतो आणि दुपारी चक्क ऊन पडतं असंही होतं. मला एकदम बरं वाटलं, म्हटलं माझा रिपोर्ट म्हणजे तीन नंबरचा बावटा, वादळ नव्हे. बाबांनी आयुष्यात असे शेकड्यांनी बावटे बघितलेत, घराची कौलं उडवणारं निसर्ग वादळ एकदाच आलं, ३ जून २०२० ला. पुढचे दोन दिवस मी हीच उपमा मनात घोळवली. मग सगळं निस्तरल्यावर, बाबांना सगळं सांगितल्यावर, मी त्यांना ही उपमापण ऐकवली तर त्यांनी ती पाडलीच. म्हणाले, बावटा खोटा पडला तर आमचं काय जातं, होडी एक दिवस बांधलेली राहते. तुझं तसं हाय काय? बरोबर होतं त्यांचं. ते दहा दिवस मी पोटाशी बोलले नव्हते. त्याआधी बोलायचे, अंघोळ करताना, एसटीत मनातल्या मनात. लाल चौकट आल्यापासून एकदम बंद. जणू कुणाकडून उधार आणलेली वस्तू, परत द्यायला लागली तर म्हणून फार हात लावायचा नाही. हा खर्च त्या चाचणीच्या पावतीवर कुठे लिहिलेला नसतो.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. लो रिस्क. हिरवं. नवऱ्याने पेढे आणायचं म्हटलं, मी नको म्हटलं, कुणाला काय सांगून वाटणार? कुळथाची पिठी केली, त्याच पिठाची, आणि एक वाटी काकींकडे नेऊन दिली. त्यांचा मुलगा दारात होता, त्याने वाटी घेतली, वास घेतला आणि आत ओरडून सांगितलं, पिठी! मी उगाचच तिथे थोडा वेळ उभी राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ॲनॉमली स्कॅन. बोटी समुद्रात गेल्या होत्या, बाबा पहिल्या फेरीला, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. हा स्कॅन १८ ते २० आठवड्यांत करतात, अर्धापाऊण तास चालतो, डॉक्टर एकेक अवयव तपासत जातात. हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा मण्यामण्याने, ओठ, किडन्या, दोन्ही पावलं. मध्येच त्या थांबल्या, परत त्याच जागी प्रोब फिरवला, आणि माझ्या पोटात गोळा आला. डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका आहे, गोल्फ बॉल म्हणतात याला, म्हणाल्या. आपल्या आशियातल्या बाळांमध्ये बऱ्यापैकी दिसतो, बाकी सगळं ठीक असताना एकटा असला तर त्याला काही अर्थ नाही, शिवाय तुमचं एनआयपीटी झालंय. पण रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. म्हणजे आणखी एक बावटा. या वेळी मी घरी येऊन गूगल केलं नाही, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. सासूबाईंनी बाहेर आल्यावर फक्त विचारलं, नाक कुणावर गेलंय? त्यांना एवढ्या मोठ्या मशीनकडून एवढीच माहिती हवी होती आणि तीच कुणी दिली नव्हती.

डिसेंबरच्या शेवटी मुलगी झाली. नाक बाबांवर.

परवा कपाट आवरताना ती फाइल सापडली. आमच्याकडच्या दमट हवेत कागद कसे राहणार, कडेला बुरशी, एका कोपऱ्यात कसर लागलेली. स्कॅनचे ते गुळगुळीत फोटो मी जपून प्लास्टिकमध्ये घातले होते, पण तो कागद थर्मल असतो, बिलाच्या पावतीसारखा, उडतो. बटाटवडा खाऊन वळलेलं ते बाळ, ६२ मिलिमीटरचं, आता नुसतं राखाडी धुकं झालंय, डोकं कुठे आणि पाय कुठे तेही सांगता येत नाही. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, यात काहीच नाहीये. डबल मार्करचा रिपोर्ट मात्र मी पतसंस्थेतल्या लेझर प्रिंटरवर काढला होता. लाल चौकट, १:२१०, काल छापल्यासारखं.